बिनतलवारीचे हेर

लढाईत उतरायचं माझं वय नव्हतं अन् गुडघाही नव्हता. तरी उतरले, आणि त्याला कारण झाल्या पोळ्या.

एडमंटनच्या एका सरकारी लॅबमध्ये मी माती तपासायचे. शेतांवरून पिशव्यांमधून आलेली माती वाळवायची, चाळायची, आकडे लिहायचे. अठरा वर्षं तेच. तिथली यंत्रं दुरुस्त करणारा एक चाळिशीचा माणूस होता, लाल दाढीचा, मोजकं बोलणारा. दर सोमवारी त्याच्या दंडावर तळहाताएवढा निळा डाग दिसायचा. एकदा न राहवून विचारलं, तर म्हणाला, शनिवार-रविवार तो मध्ययुगातल्या लढाया लढतो. लोखंडी टोप, अंगावर चिलखत, हातात जाड वेताची तलवार. मारतात ते खोटं, लागतं ते खरं. मी म्हटलं, घरी बायको काही बोलत नाही का? तर बायकोही लढते म्हणे.

आमच्या असोसिएशनच्या आंबेडकर जयंतीला दीडशे माणसांचा स्वयंपाक माझ्याकडे असतो, हे त्याने लॅबमध्ये कुणाकडून तरी ऐकलं होतं. एके दिवशी आला आणि अगदी अदबीनं म्हणाला, "आमच्या छावणीत साठ जण जेवतात. तुम्ही स्वयंपाकघर सांभाळाल का?"

माझा राग नाकाच्या शेंड्यावरच असतो, नागपूरचं ऊन डोक्यात घेऊन आलेली बाई मी. म्हटलं, "घरी पोळ्या, जयंतीला पोळ्या, अन् आता तुमच्या तेराव्या शतकात येऊनही मी पोळ्याच लाटू काय रे? मैदानात काही काम असेल तर सांग."

तो रागावला नाही. हातातला स्क्रू फिरवत जरा विचार केला आणि म्हणाला, "हेर व्हाल?"

त्याचं काम त्याने तिथेच समजावलं. हेराकडे हत्यार नसतं. दोन्ही दंडांवर पिवळी फीत बांधायची, डोळ्यांना जाड चष्मा. हेराला कुणी मारायचं नाही, हेराने कुणाला हात लावायचा नाही. रानात शिरायचं, समोरचे लोक कुठे आहेत, किती आहेत ते बघायचं, आणि चालत परत येऊन आपल्या सेनापतीला तोंडी सांगायचं. लांबून ओरडायचं नाही, खुणा करायच्या नाहीत. शत्रूचा एखादा लढवय्या हाताच्या अंतरावर येऊन "मेलीस" म्हणाला, तर आपण मेलो. मग डोक्यावर हात ठेवून, तोंड मिटून, आपल्या निशाणापाशी परत जायचं आणि पुन्हा जिवंत व्हायचं. मला हे फार आवडलं. आयुष्यात दुसरीकडे कुठे अशी सोय नाही. आणि सेनापती कोण, तर हाच, स्क्रूवाला.

घरी सांगितलं तर नवरा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला, "विमा भरलाय ना?" मुलगी म्हणाली, "आई, दॅट्स सो रँडम," आणि तिने मला लगेच इंटरनेटवर चामड्याचे बूट शोधून दिले. कपडे जुन्या काळचे हवेत अशी अट होती. तिथल्या बायका लांब पायघोळ झगे शिवून घेतात अन् झुडपांत अडकून पडतात. मी आईचं हिरवं लुगडं काढलं, नऊ वार, कासोटा घट्ट मारला, खालून थर्मल. पॉप्लरच्या रानात त्या हिरव्या रंगात मी दिसेनाशी व्हायचे. कासोट्यानं पाय मोकळे. दुसऱ्या वर्षी दोन गोऱ्या पोरी मला कासोटा शिकवा म्हणून मागे लागल्या.

पण मला हेर बनवलं ते बाईंनी.

बाई म्हणजे आमच्या बाजूच्या मुख्य हेर. सत्तरीच्या पुढच्या, पूर्वी शाळेत भूगोल शिकवलेल्या, शहरापासून तासाभरावर एकट्या राहणाऱ्या. बावीस वर्षं हेरगिरी करत होत्या. आमचा सेनापतीसुद्धा अठरा वर्षांचा असताना त्यांच्याच हाताखाली तयार झालेला. त्यांना सगळे नावाने हाक मारायचे, कॅनडात तसंच असतं. मला मात्र ते जमेना. मनातल्या मनात मी त्यांना बाईच म्हणायचे, शाळेतल्या बाईंना म्हणतो तसं. आमचं बोलणं अर्थातच इंग्रजीत व्हायचं, पण माझ्या आठवणीत त्या कायम मराठीतच बोलतात.

माझ्या पहिल्या लढाईची गोष्ट सांगायची तर तोंड लपवावं लागतं. रानात एका आडव्या खोडावर शत्रूकडचा एक म्हातारा हेर बसला होता. पिवळ्या फिती, पांढऱ्या मिशा, घामाघूम. हेर हेराला मारत नाही, म्हणून मी शेजारी बसले. समोर माणूस उपाशी बसलेला बघून आपल्याला राहवतं का? कमरेच्या पिशवीतून चिवडा काढून दिला. त्याने प्रेमाने विचारलं, "मग, कसं काय चाललंय तुमचं?" अन् मी सांगितलं. आमची पोरं ओढ्यापाशी केव्हाची बसून आहेत, कंटाळलीत, निम्म्यांनी टोप काढून ठेवलेत. उचलली जीभ लावली टाळ्याला. तो "फार छान चिवडा" म्हणून उठला. मी परत पोचेपर्यंत आमची सगळी पोरं गवतावर मरून पडली होती.

मला वाटलं, आता माझी हकालपट्टी. बाई माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "चिवडा दिलास ते बरं केलंस. पत्ता कशाला दिलास?"

त्यानंतर त्यांनी मला शिकवायला घेतलं. हिवाळा सरला की शनिवारी सकाळी आम्ही शहरातल्याच नदीकाठच्या रानात जायचो. त्या त्यांच्या जुन्या पिकअप ट्रकमधून यायच्या, मी एलआरटीने, इथल्या शहरी रेल्वेने. पाऊल आधी बाहेरच्या कडेवर टेकवायचं, मग आत. डोकी मोजायची नाहीत, डोकी हलतात; पाय मोजायचे अन् दोनाने भागायचं. पक्षी गप्प झाले तर थांबायचं. सायकलवरून जाणारे लोक आमच्याकडे बघायचे, एक पांढऱ्या केसांची अन् एक सावळी, दोघी झुडपात उकिडव्या. बाईंना त्याचं काही नव्हतं. त्या डोळे मिटून सांगायच्या, "तीन जण, एकाच्या बुटाची नाडी सुटली आहे." आणि खरंच तिघं वळणावरून यायचे, एकाची नाडी लोंबत असायची. मी इतकी वर्षं यंत्रांनी माती मोजत होते, पण इतकं नेमकं मोजणारं माणूस मी पाहिलं नव्हतं. मला त्यांचा अभिमान वाटायचा, जणू मीच त्यांना घडवलंय.

आमच्या बाजूची एक रीत होती, तीही बाईंनीच घातलेली. हेर परत आला की सेनापती दोनच प्रश्न विचारायचा. किती? आणि, स्वतः पाहिलं? दुसऱ्या प्रश्नाला हो किंवा नाही, तिसरं उत्तर नाही. वाटलं, ऐकलं, असावेत, असलं काही चालायचं नाही. नाही म्हटलं तर त्या खबरीवर एकही माणूस हलायचा नाही. फार पूर्वी कुणीतरी नुसत्या अंदाजावर सांगितलं, वीस जण धावत एका अरुंद घळीत शिरले, चेंगराचेंगरीत एका पोराचं मनगट मोडलं. तेव्हापासूनचा तो नियम.

तिसऱ्या वर्षीच्या मे महिन्यात मला शंका आली. बाई माझ्याकडे बघताना मान जरा तिरकी करायच्या, माझ्या कानाकडे बघून बोलत असल्यासारख्या. मी शांत उभी असले तर मला ओळखायच्या नाहीत, बोलले की हसायच्या. एकदा थर्मासमधला चहा ओतताना अर्धा कपात, अर्धा हातावर. मी लॅबवाली बाई, नमुना बघितला की आकडा लिहिल्याशिवाय राहवत नाही. सरळ विचारलं.

त्यांनी कप खाली ठेवला. म्हणाल्या, दोन्ही डोळ्यांत मधोमध पुसल्यासारखं झालंय. कडेचं दिसतं, समोरचं नाही. डॉक्टरांनी मार्चमध्येच गाडी चालवू नका म्हणून सांगितलंय.

"अन् तुम्ही आज ट्रक चालवत आलात?"

"ओळखीचा रस्ता आहे. दिवसाउजेडी येते."

मी चिडले. त्या माझ्याहून अठरा वर्षांनी मोठ्या, तरी मी त्यांना नाही नाही ते बोलले. रस्त्यावर एखादं पोर आलं असतं तर काय केलं असतंत, हेही बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, ट्रक गेला की घर गेलं, बस गावापर्यंतच येते अन् घर तिथून फार लांब. आणि हेराला दिसत नाही हे कळलं की रानही गेलं. "ऑगस्टमधली मोठी लढाई होऊ दे. मग मी स्वतःच सांगेन. तोवर तू बोलू नकोस."

मी कबूल केलं, पण अटीवर. शहरात ट्रक आणायचा नाही, मी त्यांच्याकडे जाईन. त्या हो म्हणाल्या. गावातल्या दुकानापर्यंत चालवतच होत्या, ते मला नंतर कळलं.

मी गप्प राहिले, कारण आमच्याकडे तशीच रीत आहे. मोठ्या माणसाला चारचौघांत उघडं पाडायचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. माझ्या वडिलांना शेवटी ऐकू येईनासं झालं होतं. ते काहीतरी भलतंच उत्तर द्यायचे आणि आम्ही सगळे माना डोलवायचो, "बरोबर आहे बाबा." त्यांना वाईट वाटू नये म्हणून. हळूहळू ते बोलायचेच थांबले. त्याचा अर्थ मी तेव्हा लावला नाही, आणि बाईंच्या वेळीही मला वाटलं की मी चांगलंच करते आहे.

ऑगस्टची लढाई शहरापासून तीन तासांवर, एका मोठ्या कुरणाला लागून असलेल्या रानात होती. मी बसने बाईंच्या गावापर्यंत गेले अन् म्हटलं, पुढे कुणाची तरी लिफ्ट घेऊ. तर बाई ट्रक घेऊन बसथांब्यावर हजर. माझा जीव मुठीत. हायवेवर पूर्ण वेळ मी त्यांना गाडी आली, वळण आलं, सांगत होते अन् त्या "माहीत आहे, माहीत आहे" म्हणत होत्या. लायसन्स होतं, पण पिकअप चालवायची मला भीती, म्हणून मी स्वतःही स्टिअरिंग घेतलं नाही. त्या दिवशी मी जितकी त्यांच्यावर रागावले होते, तितकीच स्वतःवर.

आमचे चाळीस जण ओढ्यावरच्या एका लाकडी पुलापाशी निशाण राखून होते. शिंग वाजेपर्यंत निशाण टिकलं तर जिंकलो. समोरचे पन्नासच्या आसपास. ते दोनच वाटांनी येऊ शकत होते, स्प्रूसच्या झाडांमधून किंवा ओढ्याच्या काठाकाठाने. दोन्हीकडे पुरतील इतकी माणसं आमच्याकडे नव्हती. सेनापतीने आम्हा दोघींना पाठवलं.

स्प्रूसच्या बाजूला मी पोटावर सरपटत गेले. डास चावत होते, लुगड्याचा पदर रानगुलाबात फाटला. बारा ढाली स्वच्छ दिसल्या, पाय मोजून खात्री केली. परत आले तर बाई ओढ्याच्या वरच्या अंगाला एका झाडाला टेकून उभ्या होत्या, डोळे मिटलेले.

"विलोच्या झुडपांमागे," त्या हळूच म्हणाल्या. "तीस. चिलखत वाजू नये म्हणून हातांनी दाबून चालताहेत."

मी बघायला निघाले, पण मधल्या वाटेवर शत्रूचा एक भालेवाला येऊन उभा राहिला. वळसा घालायला वेळ नव्हता. आम्ही परत फिरलो. वाटेत मी ठरवून टाकलं. बाईंचा कान मला माहीत होता. तीस म्हणजे तीस.

सेनापतीने टोपाची जाळी वर केली. "किती?"

"स्प्रूसमध्ये बारा," मी म्हटलं. "मुख्य फौज ओढ्याच्या काठाने येते आहे. तीस."

"स्वतः पाहिलं?"

"हो. आम्ही दोघींनी."

इतक्या सहज खोटं निघालं तोंडातून, की माझं मलाच नवल वाटलं. सेनापतीने हात उचलला, लोकांना ओढ्याकडे वळवायला. तेवढ्यात बाई पुढे आल्या.

"मी नाही पाहिलं," त्या म्हणाल्या. आवाज वर्गात बोलल्यासारखा, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. "मला आता दिसत नाही. मार्चपासून. हिने बारा पाहिले, ते धर. तीस मी फक्त ऐकलेत."

चाळीस माणसं, सगळ्यांचे टोप आमच्याकडे वळलेले. सेनापतीचा हात तसाच वर राहिला. ज्या माणसाला त्यांनी पावलं टाकायला शिकवलं होतं, त्याच्या तोंडावर ते सांगणं त्यांना किती जड गेलं असेल, मला आजही कल्पना करवत नाही. माझे कान तापले. मला वाटलं, काहून बोललात, बाई? मी झाकलं होतं ना सगळं.

सेनापतीने पुन्हा विचारलं, अगदी हळू. "तीस जण कुणी पाहिले?"

"कुणीच नाही," बाई म्हणाल्या.

त्याने हात खाली घेतला. नियमाप्रमाणे बहुतेक सगळी माणसं स्प्रूसच्या तोंडाला लावली, ओढ्याकडे आठच ठेवली. दहा मिनिटांत ओढ्याच्या काठावरून ते आले. आठ जण पडले, मग मागून बाकीचे. शिंग वाजायच्या कितीतरी आधी निशाण गेलं होतं आणि आम्ही सगळे मेलो होतो.

मेलेली माणसं गवतावर टोप काढून पाणी पीत बसली. सेनापती बाईंच्या समोर येऊन बसला. "एकतीस होते," तो म्हणाला. "त्यांच्याकडच्यांनीच सांगितलं."

"एक लंगडत होता," बाई म्हणाल्या. "त्याचं दुसरं पाऊल मी धरलं नाही."

"मी हलवायला हवं होतं. तुम्ही म्हणालात म्हणजे..."

"नाही. उद्या दुसरं कुणी न पाहता सांगेल, तेव्हाही हलवशील? अन् एखाद्याचं मनगट मोडलं तर?"

त्याने त्यांचा हात हातात घेतला अन् तसाच बसून राहिला, एवढा दाढीवाला माणूस, डोळ्यांतून पाणी येत होतं. एकेक करून बाकीचेही आले. कुणी हरल्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. मी लांब बसले होते. मला वाटत होतं, हे सगळे मला काय म्हणत असतील. मी तर सेनापतीच्या डोळ्यांत बघून खोटं बोलले होते.

संध्याकाळी तंबू उतरवताना मी बाईंना म्हटलं, "माझं चुकलं. पण मी तुमच्यासाठीच बोलले."

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "प्रेमानेच बोललीस. पण माझी नजर गेली आहे, जीभ नाही. माझं मला सांगू दे."

मला बाबा आठवले. आमच्या त्या डोलणाऱ्या माना आठवल्या, आणि ते गप्प का झाले ते मला इतक्या वर्षांनी, कॅनडातल्या एका कुरणात, तंबूची खुंटी उपटताना कळलं. मी तिथेच रडले. बाई शेजारी दोरी गुंडाळत राहिल्या, मला रडू दिलं.

सामान ट्रकमध्ये भरून झालं. मी सवयीने उजव्या बाजूला, इकडे ड्रायव्हरच्या शेजारची बाजू ती, दार उघडायला गेले, तर बाई तिथे आधीच येऊन उभ्या. त्यांनी चावी माझ्यापुढे धरली.

"त्यांना सांगितलं," त्या म्हणाल्या. "आता ही चावी कशी ठेवू?"

"बाई, एवढी मोठी गाडी मी जन्मात चालवली नाही."

"मी तरी गेले पाच महिने कुठे धड चालवली आहे?"

मी सीट पुढे ओढली, आरसे वळवले, लुगडं सावरून बसले. पहिला अर्धा तास ताशी पन्नासने चालवली, मागचे सगळे हॉर्न वाजवत पुढे गेले. मग जरा हात बसला. बाई हात मांडीवर ठेवून समोर तोंड करून बसल्या होत्या. रस्त्यावरच्या पाट्या मी मोठ्याने वाचत गेले, गावांची नावं, अंतरं, पुढे वळण, पुढे पूल. दर वाक्यानंतर त्या "बरं" म्हणत होत्या. त्यांच्या घरापर्यंत त्या एकदाही "माहीत आहे" म्हणाल्या नाहीत.